झोपेचं मशीन विम्यात बसत नाही, मग घेतलंत कसं?

पतसंस्थेच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, आता तर फोनवरून अनोळखी माणसंही मला हेच विचारतात: "वहिनी, भाऊंचं ते झोपेचं मशीन विम्यातून मिळालं का? नाही? मग जमवलंत कसं?" हे मशीन म्हणजे सीपॅप, झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावरचं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

विम्यातून एक रुपयाही आला नाही. मशीन आधी भाड्याने आणलं, मास्क मात्र पहिल्या दिवसापासून नवा घेतला आणि भिशी लागल्यावर स्वतःचं मशीन घेतलं. पण एवढ्याने तुमचं भागणार नाही. या दुखण्यात काही ठिकाणी पैसे वाचवता येतात आणि काही ठिकाणी मुळीच वाचवायचे नसतात, हे आधी कळलं तर पुष्कळ त्रास टळतो.

आमचे हे टेम्पो चालवतात. हंगामात तासगावची द्राक्षं संध्याकाळी भरायची, रात्रभर चालवून पहाटे वाशी मार्केटला उतरवायची. यांचं घोरणं घरात कुणाला नवं नव्हतं. भीती वाटायची ती घोरणं थांबल्यावर. छाती हलतेय, पण हवा आत जात नाही, आणि मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास परत सुरू. दिवसा घास हातात असताना डोळा लागायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांत स्लीप ॲप्नियाचं नाव आलं, लक्षणं वाचली आणि मी यांना मिरजेला घेऊन गेले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे प्रसंग तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. यांचा तीव्र निघाला. उपाय सीपॅप: नाकावर मास्क लावून हवेचा हलका, सतत दाब द्यायचा, म्हणजे वाट मिटत नाही.

डॉक्टरांनी त्याच बैठकीत बजावलं की उपचार सुरू होईपर्यंत रात्रीची गाडी बंद. यांनी ते ऐकलं. ऐन हंगामात बदली ड्रायव्हर ठेवला आणि त्याचा पगार अंगावर घेतला. मला कुणी एकूण खर्च विचारला तर मी हा पगारही त्यात धरते, आणि तुमच्या घरात कुणी स्टिअरिंग धरत असेल तर तुम्हीही धरा. त्या काळात झोप आलेला माणूस रस्त्यावर सोडायचा नाही.

आता विमा. आमची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी होती, हप्ता कधी चुकवला नव्हता. तरी दोन्ही दारं बंद निघाली. झोपेची चाचणी दवाखान्यात केली तर एक रात्र तिथे काढावी लागते, पण केवळ तपासणीसाठी भरती झालात तर तो खर्च पॉलिसी देत नाही. हे कलम जवळजवळ सगळ्याच पॉलिसींत सारख्या शब्दांत असतं. मशीनचंही तसंच. दवाखान्यात भरती असताना तुम्हाला सीपॅप लावला तर तो उपचाराच्या खर्चात धरतात, घरी वापरायला विकत घेतलात तर बहुतेक पॉलिसी ते घरगुती उपकरण म्हणून वगळतात. कितीतरी पॉलिसींत वगळलेल्या वस्तूंमध्ये सीपॅप हे नावच छापलेलं असतं.

आणि त्याच पुस्तिकेत लठ्ठपणाचं कलम वाचा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा जास्त असेल, किंवा 35 किंवा जास्त असून सोबत गंभीर आजार असेल, तर वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. त्या गंभीर आजारांच्या यादीत तीव्र स्लीप ॲप्निया लिहिलेला आहे. म्हणजे या आजारासाठी पोटावर शस्त्रक्रिया केली तर लाखांचं बिल चालतं, रात्री नाकावर मास्क लावून तोच आजार आटोक्यात ठेवला तर चालत नाही. उपचार न केल्याने रक्तदाब वाढून उद्या पक्षाघात झाला तर भरतीचा खर्च कंपनीच देणार. मी पतसंस्थेत हिशेब बघते, आणि हा हिशेब माझ्या डोक्यात आजही बसत नाही. विमा नियामकाने हे बदलायला हवं, आणि आपण ते बोलत राहायला हवं.

तरी दावा न करता गप्प बसू नका. नकार लेखी मागा आणि त्यात पॉलिसीचं कलम कोणतं ते विचारा. कलम तुमच्या पॉलिसीत नसेल, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे. आपल्या सांगलीकडच्या लोकांना पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. आमच्या पॉलिसीत मात्र कलम स्पष्ट होतं, त्यामुळे तिथे लढण्यासारखं काही नव्हतं.

ज्यांना मिळतं त्यांच्याकडे बघा. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्त लोक सीजीएचएस या आरोग्य योजनेत, माजी सैनिक त्यांच्या ईसीएचएस योजनेत. तिथे तज्ज्ञांचा सल्ला, चाचणीचा अहवाल आणि आधी परवानगी घेतली तर ठरलेल्या मर्यादेत मशीन मिळतं. घरात कुणी फौजेतून आलेलं असेल तर सगळ्यात आधी तेच कार्ड काढा. मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला असेल तर त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत का, आणि ओपीडीचा, म्हणजे भरती न होता झालेल्या खर्चाचा भाग आहे का, ते एचआरला विचारा. जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातल्या ठरलेल्या उपचारांवर आहे. घरच्या मशीनसाठी त्यावर विसंबून महिने घालवू नका.

आता पैशांचं. चाचणीवर वाचवू नका. घरी यंत्र लावून होणारी चाचणी आम्हाला 5 ते 10 हजारांत सांगितली होती, लॅबमधली त्याच्या दुप्पट. संशय दाट असेल आणि हृदयाचं, फुप्फुसाचं मोठं दुखणं नसेल तर घरची पुष्कळदा पुरते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. मेडिकल कॉलेजच्या छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागातही विचारून बघा. अहवाल नसताना कुणी दुकानदार "लावून तर बघा" म्हणत मशीन गळ्यात मारत असेल तर उठून या. दाब 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतका असतो, आणि तुमचा आकडा कोणता हे अंदाजाने ठरत नाही.

मग भाड्याने घ्या. महिन्याला 3 ते 5 हजार भाडं आणि परत मिळणारी अनामत, असं आम्हाला पडलं. भाड्याचा महिना वाया जातो असं लोक म्हणतात. मला तर तो सगळ्यात उपयोगाचा खर्च वाटतो. मशीनमध्ये नोंद राहते: रोज किती तास लावलं, हवा किती गळली, श्वास अजून किती वेळा थांबतो. ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. या महिन्यात माणसाला मशीन सोसतं का ते कळतं. नाही सोसलं, तर निदान 50 हजारांचा डबा कपाटात पडून राहत नाही.

आणि सोसतं की नाही हे मशीनपेक्षा मास्कवर ठरतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण लोक मशीनच्या किमतीवर घासाघीस करतात आणि मास्क फुकट येतो तो घेतात. मास्क तीन तऱ्हांचे: नाकपुड्यांत टेकणारा, नाक झाकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. यांना मोठी मिशी. नाक झाकणाऱ्या मास्कची कड मिशीवर बसायची आणि हवा सुटून डोळ्यांवर यायची. सकाळी डोळे लाल. यांना वाटलं मशीनच सोसत नाही, आणि एक रात्र काढूनच ठेवलं. नाकपुड्यांत टेकणारा आणला तेव्हा तोच माणूस, तेच मशीन, आणि शांत झोप लागली. मास्क बसून बघू नका. दुकानात आडवं व्हा, कुशीवर वळा, दाब सुरू करून बघा. पट्टे फार आवळायचे नाहीत, नाकाच्या हाडावर जखम होते. तोंड उघडं पडत असेल, नाक चोंदत असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. घरात कुणाला पेसमेकर असेल, अगदी शेजारी झोपणाऱ्यालाही, तर बिनचुंबकाचा मागा. मास्क 3 हजारांपासून 10 हजारांपर्यंत जातो आणि तो कुणाचा वापरलेला कधीच घ्यायचा नाही.

मशीनवर मात्र वाचवता येतं. मूळ तत्त्व जुनंच आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते 1981 मध्ये जगापुढे मांडलं. साधा सीपॅप एकाच ठरलेल्या दाबाने चालतो, तो 25-30 हजारांपासून मिळतो. ऑटो गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करतो, तो 40 हजारांच्या पुढे. ज्यांना दुसरं मोठं दुखणं नाही अशा पुष्कळ लोकांना, दाब नीट ठरवलेला असेल तर, साध्याने तितकाच गुण येतो. बायपॅप, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन सुचवलं तर "आम्हाला ते का लागेल?" हे डॉक्टरांनाच विचारा, विक्रेत्याला नव्हे. रंगीत पडद्याला पैसे देऊ नका.

वापरलेलं मशीनही चालतं, पण किती तास चाललंय ते मेनूत बघा, बिल मागा, नळी, फिल्टर आणि पाण्याची टाकी नवी घाला, आणि दाब डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे नव्याने लावून घ्या. एक गोष्ट विसरू नका. जून 2021 मध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीनं जगभरातून परत मागवली, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. पहिल्या पिढीची ड्रीमस्टेशन नावाची मशीनं त्यात होती. जुन्या बाजारात असं मशीन समोर आलं तर अनुक्रमांक तपासल्याशिवाय हात लावू नका. अमेरिकेतून भाचा-पुतण्या आणून देतो म्हणाला तर वीज सहसा अडत नाही, ॲडाप्टर बहुधा 100 ते 240 व्होल्टचा असतो. वॉरंटी मात्र इथे चालेलच असं नाही. तिकडे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना 13 महिने भाडं भरते आणि मग मशीन रुग्णाचं होतं, पण पहिल्या महिन्यांत माणूस ते खरंच लावतो का हे बघून. आपल्याकडे असं काही का नसावं, हे मला खरोखर कळत नाही.

आम्हाला पैसे भिशीतून मिळाले. मैत्रिणींनी माझा नंबर पुढे घेऊ दिला, ते ऋण मी विसरणार नाही. भिशी नसेल तर सोनेतारण कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. विक्रेत्याचा बिनव्याजी हप्ता असेल तर प्रोसेसिंग फी मिळवून बघा, आणि रोखीची किंमत वेगळी आहे का तेही विचारा. गावोगावी मंडळं, रोटरी-लायन्स क्लब रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालवतात. तिथे वॉकर, वॉटर बेड अनामतीवर मिळतात, आणि कोरोनानंतर काहींकडे श्वासाची यंत्रंही जमा झाली आहेत. विचारायला लाजू नका. रुग्ण साठीच्या पुढचे असून त्यांचा आरोग्य विमाच नसेल, तर जुन्या करप्रणालीत त्यांच्या उपचारखर्चावर 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. म्हणून पैसे रोख देऊ नका, बिल जपून ठेवा.

वीज जाते तिथे इन्व्हर्टर साइन वेव्हचा लागतो, आणि हवा ओली करणारा हीटर बंद ठेवला की बॅटरी खूप जास्त पुरते. हे दिवसा झोपतात तेव्हाही मास्क लावतात, कारण श्वास झोपेत थांबतो, घड्याळ बघून नाही. टेम्पोसाठी, गाडीच्या बॅटरीवर मशीन चालवणारा डीसी कन्व्हर्टर वेगळा घेतला. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, मास्क रोज सौम्य साबणाने, बस्स. ओझोनची सफाई यंत्रं विकायला येतील, ती नकोत.

मशीन परवडेपर्यंत कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, दारू बंद करणं यांनी फरक पडतो, आणि सौम्य आजारात दातांचे डॉक्टर जबडा पुढे धरणारं साधन करून देतात. तीव्र आजारात मात्र एवढ्यावर थांबू नका.

शेवटी लोक हळू आवाजात एक विचारतात: आता नवी पॉलिसी घेताना हे सांगायचं का? सांगायचं. एप्रिल 2024 पासून, पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळायला लागेपर्यंतचा थांबा जास्तीत जास्त 3 वर्षांचा आहे, आणि लपवलेलं उघडं पडलं तर दुसऱ्याच आजाराचा दावाही अडकतो. यांच्या नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर मी स्लीप ॲप्निया, सीपॅप वापरतात, असं स्वच्छ लिहिलं. हप्ता थोडा वाढवून लावला, पण पॉलिसी मिळाली.