पोलिश बॅज हातात आला की आधी उलटा करा

कोल्हापूरजवळचं वळिवडे सांगलीपासून लांब नाही. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बहुतेक बायका-मुलं. अनेकांच्या घरचे पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत होते. ही फौज सोव्हिएत रशियातून बाहेर पडून इराण, इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त करत इटलीत पोचली आणि तिथे ब्रिटिश आठव्या आर्मीखाली लढली. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही इटलीत त्याच आठव्या आर्मीत लढले. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या ट्रंकेत पोलिश गरुड सापडणं अशक्य नाही. पण हीच गोष्ट सांगून नकली मालही खपवला जातो. ऐकीव गोष्टीला पैसे मोजू नका, वस्तू तपासा.

टोपीवरच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट आहे का, हे सगळे आधी बघतात. ते बरोबरच आहे. लंडनमधल्या निर्वासित सरकारच्या फौजांनी मुकुट ठेवला, सोव्हिएत छत्राखाली उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्याचा गरुड बिनमुकुटाचा. पण युद्धाआधीच्या गरुडाला मुकुट होता आणि कम्युनिस्ट राजवट गेल्यावर तो परतही आला. म्हणजे मुकुट दिसला की 1940 ते 45 चाच माल, असं होत नाही.

खरी माहिती मागच्या बाजूला असते. ब्रिटनमध्ये बनलेले बॅज डायवर, म्हणजे पोलादी ठशावर, ठोकलेले असतात. पिसांच्या रेघा धारदार, कड स्वच्छ, काहींवर ‘जे. आर. गाँट, लंडन’ असा शिक्का. इटलीत दुसऱ्या कोअरसाठी, म्हणजे अँडर्स यांच्याच फौजेसाठी, मिलानच्या लोरिओली कारखान्याने बॅज बनवले. तेही ठोकीव, बऱ्याचदा मिन्याचे. मध्यपूर्वेतला माल मात्र वेगळा. तिथे स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात पितळ ओतलं. पृष्ठभाग खरबरीत, कडेला कानसीच्या खुणा, मागे हाताने डाख दिलेल्या कड्या. नवखा माणूस हाच अस्सल बॅज नकली म्हणून बाजूला टाकतो आणि चकचकीत नक्कल घरी नेतो.

मग ओतीव नक्कल ओळखायची कशी? घड्याळजीकडचं दहापट भिंग घ्या आणि कारखान्याचं नाव वाचा. ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट आणि काठ ताठ असतो. नकलेत अक्षरांचे कोपरे गोलावलेले आणि तळाशी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. डायवर काम करणाऱ्या कारखान्याचं नाव आणि ओतीव अंग एकाच बॅजवर आलं, की विषय संपला. दुसरी कसोटी मापाची. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, त्यामुळे अस्सल बॅजवरून साचा काढून ओतलेली 40 मिलिमीटरची वस्तू अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लहान भरते. व्हर्नियरवर ते लगेच कळतं, मात्र तुलनेला खात्रीच्या नगाचं माप हवं.

छातीवरच्या बॅजला बहुधा मागे मधोमध स्क्रू आणि गोल चकती-नट असतो. नट बदललेला असेल तर फार बिघडत नाही. स्क्रूच्या बुडाशी डाख चकचकीत आणि भोवतीची धातू काळवंडलेली असेल, तर स्क्रू नंतर बसवलाय.

माँटे कॅसिनो क्रॉसच्या मागे क्रमांक असतो. 18 मे 1944 ला इटलीतल्या माँटे कॅसिनोचा मठ पोलिश फौजेने काबीज केला, जुलैत हा क्रॉस स्थापन झाला. ठोकलेल्या आकड्याच्या काठाला धातू किंचित वर आलेली असते, ओतलेला आकडा भोवतालात विरघळल्यासारखा दिसतो. पॅराशूट बॅजवरही क्रमांक बघाच. तो सूर मारणारा गरुड आहे. लढाईत उडी घेतलेल्यांच्या बॅजमध्ये त्याच्या पंजात सोनेरी पुष्पचक्र असतं.

कापडी चिन्हांत दुसऱ्या कोअरची जलपरी, तिसऱ्या कार्पेथियन डिव्हिजनचं देवदारासारखं हिरवं झाड आणि पाचव्या क्रेसोवा डिव्हिजनचा युरोपीय गवा (बायसन) लक्षात ठेवा. नोटा तपासायच्या यूव्ही दिव्याखाली धागा निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा युद्धानंतरचा.

आपल्या भागात सैनिकी पदकापेक्षा स्काउट क्रॉस मिळण्याचा संभव जास्त, कारण वळिवड्यात पोलिश स्काउट पथकं होती. त्याची घडण पोलंडच्या सर्वोच्च शौर्यपदकावरून घेतली आहे, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. आडव्या भुजांवर ‘चुवाय’ (CZUWAJ) लिहिलेलं असेल तर तो स्काउटचा. त्याला कमी लेखू नका. इथल्या इतिहासाशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे.

चांदी तपासायला साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर गेलात, तर एक्स-रे मशिनवरच तपासा. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, ती खूण कायमची राहते. चिंच, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. जुना काळपट थर गेला की अर्धी किंमत गेली आणि पुराव्याचाही बराच भाग गेला. पावसाळ्यात हिरवा थर धरला तर बांबूच्या टूथपिकने कोरडाच खरवडा. मिन्याच्या बॅजला गरम पाणी नको, तडे जातात. पीव्हीसीची पाकिटं टाळा; बॅज आम्लविरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

बॅज कुणाकडून, कुठल्या गावात, कशासोबत मिळाला हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. कॅसिनो क्रॉसचे क्रमांक युनिटप्रमाणे वाटलेले होते. क्रमांक स्पष्ट असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियमला पाठवून विचारा, सफाई त्यानंतर.