ताटं पालथी घालणारा पिक्चर

विनोदी पिक्चर एकट्यानं बघण्यात काही मजा नाही. १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ आमच्या लातूरकडं टीव्हीवर लागला, की निम्मे संवाद पडद्यावरच्या माणसांआधी घरातलेच म्हणून मोकळे होतात. परश्याची पार्वती झालेला लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत आला, की मावशी डाळ निवडायची थांबते आणि सूप खाली ठेवते. पुढचं सगळं पाठ आहे, तरी ठेवते.

बायोपिकशी मात्र माझं जरा वाकडंच. लहानपणीच थोरपणाची लक्षणं, मधे एक दुष्ट माणूस, मागं तुताऱ्या आणि शेवटी पुतळा. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तेवढा अपवाद. त्यातले दादासाहेब फाळके आधी हौशी माणूस वाटतात, थोर नंतर. १९१३च्या त्या पहिल्या चित्रपटाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. म्हणजे आपला सिनेमा पुरुषाला लुगडं नेसवूनच उभा राहिला. बनवाबनवी पंचाहत्तर वर्षांनी आली, एवढंच.

सायन्स फिक्शन मी धाकट्या चुलतभावाबरोबर बघतो. तो शेती करतो आणि इंटरव्हलपर्यंत थांबून कधी प्रश्न विचारत नाही. ‘इंटरस्टेलर’मधला नायकही शेतकरीच. रोगानं एकेक पीक संपलेलं, राहिलाय तो मका, आणि धुळीची वादळं अशी की टेबलावर ताटं पालथी मांडायची. ते बघून भाऊ सरसावून बसला. “आरं, हे तर आपलंच दाखवूलालेत!” त्याचं काय चुकलं? २०१६च्या एप्रिलात मिरजेहून आगीनगाडीनं लातूरला पाणी आलं. हेच कुणी आधी पटकथेत लिहून नेलं असतं, तर निर्मात्यानं अतिरेक म्हणून फाडून टाकलं असतं.

मग ते यान एका पाण्याच्याच ग्रहावर उतरतं. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. जवळच्या कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणामुळं तिथं काळच मंदावतो. हे मी जीव तोडून समजावलं. “पीकविम्याच्या हापिसात असंच हाय,” म्हणून त्यानं सापेक्षतावाद दोन सेकंदांत निकालात काढला. नायक परत येतो तोवर इकडं तेवीस वर्षं उलटलेली, पोरं मोठी झालेली. पोरांचे जुने निरोप बघत तो रडत बसतो. माझाही गळा दाटून आला होता.

भाऊ अजून त्या ग्रहावरच होता. “तिथलं पाणी गोडं होतं का खारं,” तो म्हणाला, “तेवढं सांग की.”