सिली

भाचीचा गणिताचा पेपर बघत होते. अख्खं उदाहरण बरोबर, फक्त तिसऱ्या ओळीतलं वजाचं चिन्ह चौथ्या ओळीत उतरताना गळालेलं. तीन मार्क गेले. बाईसाहेब निवांत. "सिली मिस्टेक आहे गं मावशी ती." म्हणजे हिची नव्हेच, वाऱ्यावरून आली आणि पेपरात येऊन बसली.

आमच्या वेळी याला धांदरटपणा म्हणत आणि वर धपाटा मिळे. असो.

तो 'सिली' दुपारभर डोक्यातून जाईना. शेवटी कोश काढला आणि झोप गेली ती गेलीच. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सॅलिग' होता आणि अर्थ होता सुखी, पुण्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मनमधला त्याचा भाऊ अजूनही त्याच मानाने नांदतो. इंग्रजीत मात्र याची घसरगुंडी झाली. पुण्यवानाचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा, बिचाऱ्याचा दुबळा आणि सोळाव्या शतकात थेट मूर्ख. तरी त्याच शतकाच्या शेवटी शेक्सपिअरच्या मेंढ्या 'सिली' आहेत त्या आपण 'गरीब गाय' म्हणतो तशा. कोलरिजच्या १७९८ सालच्या कवितेत तर चक्क बादल्या सिली आहेत. म्हातारा खलाशी पाण्यावाचून तडफडतोय, बादल्या डेकवर कधीच्या कोरड्या पडल्यात. त्याला स्वप्न पडतं की त्या दवाने भरल्या, आणि जाग येते तर पाऊस पडतोय! बादलीला मूर्ख कोण म्हणेल? पण तिथे नुसतं 'रिकाम्या' असतं, तर ती ओळ माझ्या लक्षातही राहिली नसती. क्रिकेटमधला सिली पॉइंट मात्र अस्सल मूर्ख. बॅटच्या इतक्या जवळ शहाणा माणूस उभा राहतो का?

इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. 'देवानांप्रिय', म्हणजे देवांचा लाडका, हे सम्राट अशोकाने शिलालेखांत मिरवलेलं बिरुद. पुढे संस्कृत वैयाकरणांनी त्याचा अर्थ मूर्ख असा लावला. आणि मराठीत? 'देवमाणूस' म्हणा आणि म्हणताना मान जराशी हलवा. झालं काम.

लहानपणी घरी माणसं जमली की कुणीतरी बाबांबद्दल म्हणायचंच, "देवमाणूस हो!" मी दाराआड उभी राहून फुगायचे. उसने दिलेले पैसे ते परत मागत नसत. कुणाला किती दिले, हेही त्यांना धड सांगता येत नसे. त्यांच्याही हिशेबातलं वजाचं चिन्ह असंच कुठेतरी गळायचं, आणि आत आई भांडी जरा जोरातच लावायची.