कडेकडेने

पोस्टाच्या तिकिटाला दात असतात असं आपण म्हणतो खरं, पण ते कुणी मुद्दाम केलेले नसतात. यंत्र पाडतं ती भोकं. तिकीट शीटवरून फाडलं की भोकांच्या मधे जो कागद उरतो, त्याला दात म्हणायचं. जुन्या तिकिटांच्या नादाला लागलेली माणसं भिंग, चिमटा आणि गेज घेऊन हे उरलंसुरलं मोजत बसतात आणि त्यात रविवारची सकाळ कधी जाते ते कळत नाही. मीही त्यांतलाच.

मोजायची रीत साधी आहे. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात, तो आकडा. पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी 1866 साली ही रीत घालून दिली आणि आजही जगभर तीच चालते. गेज म्हणजे ठिपक्यांच्या ओळी छापलेली पट्टी. तिकीट तिच्यावरून सरकवत न्यायचं आणि ठिपका न ठिपका भोकात बसला की थांबायचं. आधी आडवी कड, मग उभी. दोन्ही सारख्या असल्या तर नुसतं चौदा, नसल्या तर साडेतेरा बाय चौदा. माझ्या भाचीने एकदा शांतपणे विचारलं, "मामा, चित्र मधे आहे, तू कडेला काय बघतोयस?"

चित्र सगळीकडे तेच असतं, म्हणून. राणी तीच, मुकुट तोच, वर्षानुवर्षं प्लेटही तीच. ते लाखोंनी बघावं म्हणूनच काढलेलं असतं. शीट कुठल्या कारखान्यात गेलं आणि तिथल्या यंत्राच्या सुया शाबूत होत्या की झिजलेल्या, हे मात्र कडेला विचारावं लागतं.

पहिली तिकिटं तर बिनदातांचीच. 1840 च्या पेनी ब्लॅकपासून पोस्टातला कारकून कात्री चालवत होता. हेन्री आर्चर नावाच्या आयरिश माणसाने भोकं पाडायचं यंत्र तयार केलं आणि बराच काळ सरकारदरबारी खेटे घातल्यावर 1853 मध्ये त्याचे हक्क 4000 पौंडांना विकले. पुढच्याच वर्षी इंग्लंडची तिकिटं भोकांसह निघाली. आपल्याकडे त्याच 1854 साली कलकत्त्यात निळं अर्ध्या आण्याचं तिकीट छापलं, तेही कात्रीवालंच. त्यामुळे चारही बाजूंना समास शाबूत असलेलं तिकीट दिसलं की संग्राहकाचे डोळे लकाकतात. घाईतल्या कुणा कारकुनाने चौकटीतूनच कात्री नेली असेल, तर त्याच तिकिटाचा भाव कोसळतो.

मग 1855 पासून लंडनच्या डी ला रू कंपनीची छपाई सुरू झाली आणि आपली मजा संपली. चौदा. व्हिक्टोरिया चौदा, एडवर्ड चौदा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पंचम जॉर्ज छापायला लागले, तोही चौदाच! ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटं गेजवर ठेवणं म्हणजे बहुतेक वेळा ठाऊक असलेलं उत्तर पुन्हा काढणं.

खरी मौज शेजारी, सिलोनमध्ये. तिथली 1861 नंतरची तिकिटं पर्किन्स बेकन कंपनीची. छपाई इतकी देखणी की बघत राहावं, आणि कडा मात्र उंदराने कुरतडल्यासारख्या. त्यांच्या यंत्राच्या सुया सारख्या अंतरावर नव्हत्या, म्हणून कॅटलॉग '14 ते 15½' असा मोघम आकडा देतो आणि वर तीन पोटभेद करतो. स्वच्छ, मध्यम आणि खडबडीत. सुई धारदार असेल तर कागदाची चकती सुटून पडते. बोथट असेल तर कागद नुसता फाटतो आणि भोकात तुसं राहतात. थोड्याच वर्षांत काम डी ला रूकडे गेलं, तीच राणी साडेबारावर आली आणि पुढे, अर्थातच, चौदावर.

आकडा जुळला तरी काम संपत नाही, कोपरे बघावे लागतात. एक यंत्र एका वेळी एकच सरळ ओळ पाडतं. आधी सगळ्या आडव्या, मग सगळ्या उभ्या. दोन ओळी छेदतात तिथे भोकं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि तिकिटाचा कोपरा कधी टोकदार, कधी तुटका निघतो. दुसरं कंगव्याच्या आकाराचं. ते तिकिटांच्या रांगेच्या तीन बाजू एका दणक्यात पाडतं, म्हणून कोपरे आखीवरेखीव. हा फरक किती बोलका असावा? डिसेंबर 1940 मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात डी ला रूचा कारखाना जळाला. त्यानंतर बर्म्युडाची मोठ्या किमतीची तिकिटं कंगव्याच्या चौदाऐवजी सरळ ओळीच्या सव्वाचौदावर आली. राजाच्या चेहऱ्यावर युद्धाची खूण नाही. ती आहे कडेला, पाव भोकाएवढी.

माझा जीव मात्र अडकलाय गोव्यात. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं 1871 ची, लिस्बनहून आणलेली नव्हेत, तिथेच गोव्यात छापलेली. मधे किमतीचा आकडा, भोवती 'सर्व्हिसो पोस्टाल' आणि 'इंडिया पोर्ट.' ही अक्षरं. ना राजा, ना राणी. भोकांचं माप काय, तर कॅटलॉग '13 ते 18' असं लिहून हात झटकतो. एवढी मोकळीक दिल्यावर गेज काढायचंच कशाला, असं वाटतं. तरी मी काढतो. नंतरच्या 'कोरोआ' म्हणजे मुकुटाच्या तिकिटांमध्ये मामला सुटसुटीत, साडेबारा किंवा साडेतेरा. रेइस या पोर्तुगीज नाण्याचा हिशेब जाऊन टांगा नावाचं नाणं आलं, बारा रेइसचा एक टांगा आणि सोळा टांग्यांची रुपिया, तरी मुकुट हलला नाही. दीड रेइस, साडेचार रेइस अशा किमती वाचल्या की मला त्या वेळच्या पोस्टातल्या सुट्ट्या पैशांच्या भांडणांची कल्पना येते.

आणि 1911 चा प्रकार तर केवळ. लिस्बनमध्ये आदल्या ऑक्टोबरात राजेशाही गेलेली, राजा कार्लुशची 1908 मध्येच हत्या झालेली, पण त्याच्या चेहऱ्याची तिकिटं शिल्लक. त्यांतल्या काहींच्या बरोब्बर मधून उभी भोकांची ओळ पाडली आणि दोन्ही अर्ध्यांवर नवी छोटी किंमत उठवली. हवं तर अख्खं घ्या, हवं तर अर्धं फाडा. एरवी भोकांनी राजाच्या भोवतीने अदबीने जायचं असतं, इथे ती थेट त्याच्या चेहऱ्यातून गेली. क्रांतीवरचे अग्रलेख लिहिणाऱ्यांना एवढं जमलं नसतं. जोडी न फाटता मिळाली तर सोडू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे, परवडत नसली तरी.

जिथे दातांवर पैसे ठरतात तिथे खोटे दातही आलेच. सरळ कडेच्या तिकिटाला घरबसल्या भोकं पाडून देणारे आहेत आणि भोकांच्या तिकिटाचे दात कापून 'बिनभोकाचं दुर्मीळ' म्हणून खपवणारेही. दुसरा प्रकार ओळखणं सोपं, कारण कापलेलं तिकीट बुटकं भरतं. पहिल्यासाठी समोरासमोरच्या दोन कडा ताडून बघाव्यात. तीन बाजू जुन्या, मळकट आणि चौथीची भोकं नको इतकी स्वच्छ असली, की पाकीट खिशातच राहू द्यावं.

सध्या टेबलावर गोव्याच्या 'सेरेस' तिकिटांचा ढीग आहे. हाती विळा घेतलेली धान्यदेवता, 1914 च्या सुमाराची. जुनी छपाई 15 बाय 14, नंतरची 12 बाय 11½. डावीकडे एक गठ्ठा, उजवीकडे दुसरा. मधे तिसराही करावा लागला, ज्यांचे दात पाण्यात भिजवून सोडवताना किंवा अल्बममधून ओरबाडताना पडलेत आणि काहीच मोजता येत नाही, त्यांचा. तोच सगळ्यांत उंच झालाय.