दोन हजार लिटरच्या टाकीत साठ किलो कोंबडी

टाकीत पेशी वाढवून मांस बनवायचं, तर आधी हिशोब. कोंबडीची एक पेशी धरून चाला ३ नॅनोग्रॅमची. एक किलो भरायला अशा सुमारे ३३ हजार कोटी पेशी लागतात. साध्या ढवळत्या टाकीत त्या मिलिलिटरमागे १ कोटीपर्यंत दाटीने सुखाने जगतात. त्यापुढे न्यायचं तर खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. म्हणजे एका किलोला ३३ लिटर द्रव, आणि २००० लिटरची टाकी काठोकाठ यशस्वी झाली तरी हाती ६० किलो ओला माल. बाजारातलं एखादं चालतं चिकन सेंटर रविवारी दुपारपर्यंत एवढं विकून मोकळं होतं. पेशींपासून मांस बनवण्याबद्दल जे काही वाचाल, ते या आकड्याला टेकवून बघा. बरंचसं आपोआप स्पष्ट होतं.

आपल्याकडे ‘टिश्यू कल्चर’ म्हटलं की केळी आठवते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. केळीच्या कोंबाचा तुकडा साखर (लिटरला ३० ग्रॅम), क्षार आणि अगार घातलेल्या माध्यमावर ठेवला की त्यातून अख्खं रोप उभं राहतं. बाटली १२१ अंशांवर प्रेशरमध्ये १५-२० मिनिटं ठेवली की निर्जंतुक. प्राण्याच्या स्नायूची पेशी एवढी सोशिक नाही. तिच्यातून कोंबडी उगवत नाही, फक्त आणखी पेशी होतात. तिचं खाद्य प्रेशरला लावता येत नाही, कारण त्यातली प्रथिनं फाटतात आणि ग्लुटामिन मोडून अमोनिया सुटतो. ते ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून थंडच गाळावं लागतं. तापमान गायीच्या पेशींना ३७, कोंबडीच्या पेशींना ३७ ते ३९ अंश. पीएच ७.२ ते ७.४. यात थोडी चूक झाली तर पेशी लगेच मरत नाहीत, वाढायच्या थांबतात. ते जास्त वाईट, कारण कळायला दोन दिवस जातात.

पेशी मिळवायची रीत अशी. जिवंत जनावराच्या स्नायूतून ग्रॅमभर तुकडा काढायचा, बर्फावर, अँटिबायोटिक घातलेल्या क्षारद्रवात ठेवून आणायचा. कात्रीने खिम्यासारखा बारीक करायचा, ऊती सैल करणाऱ्या कोलॅजिनेज एन्झाइममध्ये ३७ अंशांवर पाऊण ते एक तास हलवत ठेवायचा, मग १०० आणि ४० मायक्रॉनच्या जाळ्यांतून गाळायचा. गाळलेल्यात हव्या असलेल्या ‘सॅटेलाइट’ पेशी (स्नायूची डागडुजी करणाऱ्या मूळ पेशी) असतात, पण त्यांच्यासोबत जोडऊतीतल्या फायब्रोब्लास्टही असतात. त्या जास्त चिवट आणि जास्त वेगाने वाढणाऱ्या. वेगळं करायची स्वस्त युक्ती म्हणजे सगळं मिश्रण साध्या फ्लास्कमध्ये तासभर ठेवणं. फायब्रोब्लास्ट आधी तळाला चिकटतात, सॅटेलाइट पेशी अजून तरंगत असतात. वरचा द्रव अलगद दुसऱ्या, कोलॅजेनचा लेप दिलेल्या फ्लास्कमध्ये घ्यायचा. ही पायरी गाळली तर दोन आठवड्यांनी फ्लास्क भरलेला दिसतो आणि त्यात स्नायू जवळजवळ नसतो.

पेशींनी तळ ६०-७० टक्के झाकला की त्या ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने सोडवून पुढच्या भांड्यात न्यायच्या, तीन ते पाच मिनिटांत. जास्त वेळ ठेवलं तर ट्रिप्सिन पेशींचंच आवरण खातं. उशीर केला तर पेशी एकमेकींना टेकतात, ‘आता स्नायू व्हायची वेळ झाली’ असं समजून जुळू लागतात, आणि जुळलेली पेशी पुन्हा कधीच दुभंगत नाही. शिवाय सामान्य पेशीच्या दुपटींना मर्यादा असते. माणसाच्या फायब्रोब्लास्टमध्ये ती ५० च्या आसपास. जनावराच्या स्नायूपेशी त्याच्या बऱ्याच आधी मंदावतात.

म्हणून कोंबडीचं काम करणाऱ्यांनी स्नायूचा नाद सोडून सरळ फायब्रोब्लास्ट धरले. डीएफ-१ ही कोंबडीच्या भ्रूणापासून निघालेली पेशीओळ (एकाच मुळापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) आपोआपच अमर झालेली आहे, म्हणजे तिला दुपटींची मर्यादा उरलेली नाही. तिला बाहेरचं जनुक घालावं लागलं नाही, आणि सवय लावली तर ती तळाला न चिकटता द्रवात तरंगत वाढते. टाकीसाठी हा गुण सोन्यासारखा. ‘अमर म्हणजे कॅन्सर का?’ हा प्रश्न दर वेळी येतो. पेशी टाकीतून बाहेर काढल्यावर मरते, शिजवल्यावर उरलीसुरली मरते, आणि पोटात पचते. भीती बाळगायचीच तर टाकीत काय घुसलं याची बाळगावी.

टाकी एकदम भरता येत नाही. गोठवलेल्या वायलमध्ये साधारण १ कोटी पेशी असतात, १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना बर्फापासून पेशी वाचवणारं रसायन), उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. गोठवताना मिनिटाला १ अंश अशा संथ गतीने, वितळवताना मात्र झटपट, ३७ अंशांच्या पाण्यात एखाद्या मिनिटात. वितळवून ३० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घ्यायच्या. तिथे मिलिलिटरमागे ३ लाख येतात. त्याहून पातळ केल्या तर बुजतात आणि वाढीलाच लागत नाहीत. मग ३०० मिलिलिटर, ३ लिटर, २०, २००, २०००. वायलपासून भरलेल्या टाकीपर्यंत २१ दुपटी. दिवसाला एक दुपट धरली आणि प्रत्येक भांडं बदलताना थोडं नुकसान सोसलं, तर २५ दिवस. ब्रॉयलरचं पिल्लू ४० दिवसांत दोन किलोचं होतं, आणि त्याला निर्जंतुक खोली लागत नाही!

मोठ्या टाकीत पहिली अडचण श्वासाची. ३७ अंशांच्या द्रवात लिटरला जेमतेम ०.२ मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो. मिलिलिटरमागे १ कोटी पेशी असताना तेवढा साठा पाच-सहा मिनिटांत संपतो. हवेची लाइन बंद पडली तर ऑपरेटरला विचार करायला तेवढाच वेळ. उपाय म्हणून बुडबुडे सोडायचे. बारीक बुडबुडा ऑक्सिजन चांगला देतो, पण पृष्ठभागावर येऊन फुटताना जो झटका बसतो त्याने त्याला चिकटलेल्या पेशी फाटतात. जनावराच्या पेशीला यीस्टसारखी भिंत नसते, नुसता पापुद्रा असतो. त्यासाठी पोलोक्सामर १८८ हा साबणासारखा पदार्थ लिटरला १ ग्रॅम घालतात, म्हणजे पेशी बुडबुड्याला चिकटतच नाहीत. मोठे बुडबुडे घेतले तर पेशी वाचतात पण ऑक्सिजन कमी पडतो. ढवळण्याचा वेग वाढवला तर पुन्हा पेशी फाटण्याची भीती. शिवाय उंच टाकीत खालचा कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही आणि पीएच घसरतो. दोन लिटरवर उत्तम चाललेली कृती दोन हजारावर फसते ती बहुतेक वेळा इथेच.

दुसरी अडचण पेशींच्या स्वतःच्या घाणीची. ग्लुकोज मुबलक दिसलं की त्या उधळ्या होतात आणि त्याचं लॅक्टेट करून टाकतात. ग्लुटामिनमधून अमोनिया येतो. लॅक्टेट २० मिलिमोलच्या पुढे, अमोनिया २ ते ५ मिलिमोलपर्यंत गेला की वाढ मंदावते. जनावराच्या अंगात हे काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. टाकीला ते नाहीत. म्हणून ग्लुकोज एकदम न ओतता थेंबाथेंबाने द्यायचं आणि ग्लुटामिनऐवजी ग्लुटामेट वापरून बघायचं.

आणि मग घुसखोर. दुधात विरजण लावलं की आम्ल तयार होतं आणि तेच दह्याची राखण करतं. इथे तसा राखणदार कोणी नाही: गोड, कोमट, प्रथिनांनी भरलेला, अजिबात आंबट नसलेला द्रव. संध्याकाळी सातला एखाद्या सैल झडपेतून एकच जिवाणू शिरला आणि दर २० मिनिटांनी दुप्पट होत गेला असं समजा. सकाळी सहाला टाकीत ८०० कोटींच्या वर झाले, तरी मिलिलिटरमागे ते चारच हजार, नजरेला काहीच नाही. दहा वाजता मिलिलिटरमागे दीड कोटीच्या पुढे. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये फिनॉल रेड असतं, ते लालाचं पिवळं होऊन बोंब मारतं. खाण्यासाठीच्या टाकीत तो रंग घालत नाहीत. पीएचचा आलेख अचानक खाली वाकतो, ऑक्सिजनची मागणी उसळते, आणि २५ दिवसांचा माल नाल्यात. अँटिबायोटिक सुरुवातीच्या तुकड्यापुरतंच ठीक. उत्पादनात ते घातलं की ढिलाई झाकली जाते.

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू याहून कावेबाज. त्याला भिंत नसल्याने तो ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून निसटू शकतो, द्रव गढूळ करत नाही. पेशी फक्त आळशी होतात आणि दोष माध्यमाला दिला जातो. प्रत्येक पेशीसाठ्याची पीसीआर चाचणी न करता पुढे जाणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

आता पैसा. स्टेम पेशींसाठी बनलेलं ‘एसेन्शियल ८’ हे माध्यम अनेक कृतींचा पाया आहे. त्यात लिटरला इन्सुलिन २० मिलिग्रॅम, ट्रान्सफेरिन १० मिलिग्रॅमच्या आसपास, ‘क’ जीवनसत्त्वाचं टिकाऊ रूप ६४ मिलिग्रॅम, आणि एफजीएफ-२ हे वाढप्रथिन फक्त १०० मायक्रोग्रॅम. अशा मांसाचा पुरस्कार करणाऱ्या गुड फूड इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१८ च्या हिशोबात याचा भाव लिटरला सुमारे ३७६ डॉलर काढला होता, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोनच वाढप्रथिनांचा. दोन हजार लिटरला एफजीएफ-२ लागतं २०० मिलिग्रॅम, चिमूटभर. त्या वेळच्या भावाने त्या चिमटीची किंमत चार लाख डॉलर! वर हे प्रथिन ३७ अंशांवर एखाद्या दिवसात निकामी होतं, म्हणून माध्यम सारखं बदलावं लागे. आता उष्णता सोसणारे एफजीएफ-२ आले आहेत, आठवडाभर टिकतात. टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये गायीच्या स्नायूपेशींसाठी सीरमविरहित (रक्तातला पातळ द्रव न वापरलेलं) माध्यम दाखवलं; त्यातली किल्ली होती जनुकतंत्राने बनवलेलं अल्ब्युमिन हे प्रथिन, लिटरला ०.८ ग्रॅम. त्याआधीचा रस्ता म्हणजे १० ते २० टक्के गोवंशीय भ्रूणसीरम, कत्तलखान्यातल्या गाभण गायीच्या वासराच्या रक्तातून. तो वापरून ‘प्राणी न मारता मांस’ म्हणणं हास्यास्पदच होतं. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये जगात सर्वप्रथम परवानगी दिलेल्या चिकनमध्येही सीरम होतं. सीरमविरहित कृतीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

टाकीतून निघतो तो पांढुरका लगदा. सेंट्रिफ्यूजने गोळा करून धुतला की घट्ट पिठल्यासारखा दिसतो. त्याला चावा नाही. चावा हवा तर पेशींना आधार लागतो, सोयाच्या सच्छिद्र तुकड्याचा किंवा पेशी धुऊन काढलेल्या पानाचा. वाढप्रथिनं कमी केली की चार-पाच दिवसांत स्नायूपेशी जुळून तंतू होतात. पण रक्तवाहिन्या नसल्याने ऑक्सिजन ०.२ मिलिमीटरपेक्षा खोल पोचत नाही. जाड तुकड्याचं पोट आतून मरतं. म्हणूनच २०१३ मध्ये नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांच्या गटाने लंडनमध्ये खाऊ घातलेला अडीच लाख युरोचा बर्गर सुमारे २० हजार सुट्या तंतूंचा होता. रंगासाठी बीटाचा रस आणि केशर घालावं लागलं होतं आणि चरबी शून्य. मे २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका खाटकाच्या दुकानात जे पाकीट विकायला आलं, ते १२० ग्रॅमचं आणि त्यात कोंबडीच्या पेशी ३ टक्के. म्हणजे ३.६ ग्रॅम. बाकी वनस्पतिजन्य प्रथिनं वगैरे.

पर्यावरणाचा मुद्दा याच टाकीशी बांधलेला आहे. जमीन वाचते, जनावराचा मिथेन वाचतो, हे खरं. त्याऐवजी वीज लागते: ऊब, वाफ, शुद्ध पाणी, निर्जंतुक हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखवलं की औषधी दर्जाचं, एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) काढलेलं माध्यम वापरलं तर तापमानवाढीचा भार गोमांसाच्या ४ ते २५ पट होऊ शकतो. त्यामुळे खाद्य दर्जाच्या अमिनो आम्लांवर पेशी वाढल्या पाहिजेत, ही खर्चाचीही अट आणि पर्यावरणाचीही. तुलना गोमांसाशी केली तर जिंकायला वाव आहे. दीड-पावणेदोन किलो खाद्यात एक किलो वजन देणाऱ्या ब्रॉयलरशी केली तर, कोळशाच्या विजेवर, मला तरी आशा दिसत नाही.

मासे मात्र वेगळं प्रकरण आहे. उष्ण पाण्यातल्या माशांच्या पेशी २५ ते २८ अंशांवर वाढतात, ऑक्सिजनची भूक कमी असते, आणि तुकडा पातळ थरांचा असल्याने चावा साधणं सोपं. जानेवारी २०२४ मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एका खासगी कंपनीशी करार केला तो पापलेट आणि सुरमईसारख्या महाग माशांसाठीच. अडचण अशी की या माशांच्या स्नायूंची तयार पेशीओळ बाजारात मिळत नाही, प्रत्येक जातीची नव्याने काढावी लागते, आणि त्यांच्या दुपटीला दिवस नाही, दोन-तीन दिवस लागतात. तीन दिवसांची दुपट धरली तर त्याच २१ दुपटींना दोन महिने होतात. तेवढा काळ एकही जिवाणू आत येऊ द्यायचा नाही. मुंबईच्या मे महिन्यात या टाकीला गरम करायची गरज नाही, गारच ठेवावी लागेल.