लिनक्सला किती जीबी द्यायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी सरळ उत्तर देते: ८०.

‘विंडोज असलेल्या लॅपटॉपवर लिनक्सही टाकायचंय, डिस्कमधली किती जागा त्याला देऊ?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता वाक्य पुरं व्हायच्या आत मी ८० म्हणून मोकळी होते. उबंटू, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार, स्वतः २५ जीबी मागतं. तेवढ्यात ते बसतंही, पण चार-सहा महिन्यांची अपडेट्स आणि चार मोठी सॉफ्टवेअर्स आली की घुसमटायला लागतं. ८० मध्ये हातपाय पसरता येतात. डिस्क ऐसपैस असेल तर १०० द्या, २५६ जीबीचीच असेल तर ५० मध्येही भागतं. हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला म्हणून कोणाचं काही बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही. बिघडतं ते भलतीकडेच, आणि तिथलं कोणी विचारत नाही.

मी आपटले ती अशी. वर्षभर लिनक्स वापरलं, मग जागा कमी पडायला लागली आणि वाटलं, काढून टाकू. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलं. विंडोजला लिनक्सची एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) आपली आपण वाचता येत नाही, त्यामुळे तिथे लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे त्याला दिलेला डिस्कचा तुकडा, दिसतं खरं, पण ना नाव ना गाव, नुसता आकार. राइट क्लिक, डिलीट. विंडोजने हूं की चूं केलं नाही. संध्याकाळभर मी त्याच मशीनवर काम केलं, रात्री बंद केलं. सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच तक्रार: असं पार्टिशन नाही. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारा कर्सर.

विंडोजचा एक बाइटही मी हलवला नव्हता. फाइली, फोटो, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिथवर जायची वाट मी पुसलेल्या तुकड्यातून जात होती.

हे असं का झालं ते कळायला पार्टिशन म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं. आपण ‘डिस्कचे तुकडे करणं’ म्हणतो आणि मनात सुरी येते. प्रत्यक्षात कुठेच काही कापलं जात नाही. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक तक्ता असतो आणि त्यात लिहिलेलं असतं की या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) एवढे सेक्टर एकाचे, तिथून पुढचे दुसऱ्याचे. जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, ही सगळी नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये मावते. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी, आणि शेवटचे दोन बाइट, हा सेक्टर वैध असल्याच्या खुणेचे. तक्त्यात १६-१६ बाइटच्या फक्त चार ओळी. १९८३ साली पीसी-डॉस २.० आलं तेव्हा ही रचना आली. ज्याच्याकडे हार्ड डिस्क असायची त्याची ती १० एमबीची वगैरे असायची, चार ओळी म्हणजे चैन होती. पुढे चाराच्या जागी जास्त हवेत म्हणून एका ओळीला ‘एक्स्टेंडेड’ म्हणायचं आणि तिच्या पोटात ‘लॉजिकल’ पार्टिशनं घालायची, अशी पळवाट निघाली. पण सेक्टरचे क्रमांक ३२ बिटांत लिहायचे असल्यामुळे या पद्धतीला साधारण दोन टीबीच्या पुढचं दिसतच नाही.

आता ४४६ बाइटात होणार काय! लिनक्सचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम), ग्रब, स्वतःचा पहिला तुकडा तिथे बसवतो, दुसरा त्याच्या लगतच्या रिकाम्या सेक्टरांत, आणि उरलेला पसारा, म्हणजे मेनू आणि बाकीचे भाग, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये ठेवतो. म्हणजे विंडोज सुरू व्हायलाही आधी लिनक्सच्या पार्टिशनपर्यंत जाऊन यावं लागतं. मी तेच पार्टिशन उडवलं होतं.

हल्लीच्या लॅपटॉपवर बहुधा एमबीआरऐवजी जीपीटी ही नवी पद्धत असते. त्यात साधारणपणे १२८ ओळींची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि कोणी खाडाखोड केली तर कळावं म्हणून बेरजेचा ताळाही असतो. बूटलोडरला लपूनछपून बसावं लागत नाही. त्यासाठी ईएफआय नावाचं एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, फॅट-३२ चं, विंडोजने केलेलं असेल तर बरेचदा अवघं १०० एमबीचं. विंडोजचा बूटलोडर त्यात एका फोल्डरमध्ये, लिनक्सचा दुसऱ्या. म्हणूनच ‘हे कसलं फालतू १०० एमबीचं पार्टिशन’ म्हणून ते उडवणारे लोक थोर असतात. दोन्ही दारं एका झटक्यात बंद.

‘माझा डेटा जाईल का?’ हा खरा धसका. तक्त्यातली ओळ बदलल्याने डेटाला धक्का लागत नाही. चुकून तक्ता पुसला गेला तरी टेस्टडिस्कसारखं टूल पार्टिशनांच्या खाणाखुणा शोधून तो बरेचदा परत मांडून देतं. धोका आहे तो पार्टिशन लहान करताना, कारण तेव्हा कडेच्या फाइली खरोखर उचलून आत आणाव्या लागतात. आणि फॉरमॅट मारताना. जुन्या फिरत्या डिस्कवर फॉरमॅटनंतरही पुष्कळ काही परत मिळायचं. एसएसडीवर फॉरमॅट करतानाच ‘हे सगळं मोकळं’ असा निरोप ड्राइव्हला जातो आणि ती खरंच मोकळं करून टाकते. इन्स्टॉलर जेव्हा ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवू का’ असं अत्यंत नम्रपणे विचारतो, तेव्हा तो विंडोजसकट सगळ्याबद्दल बोलत असतो. बॅकअप घ्या, दुसऱ्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप हा त्याच डिस्कवर असतो, हे मला अजूनही सांगावं लागतं.

विंडोजचं पार्टिशन लहान करायचं ते विंडोजच्याच हातून, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने. तिथे हमखास एक गंमत होते. सी ड्राइव्हमध्ये २०० जीबी मोकळे दिसत असतात आणि विंडोज म्हणतं, जास्तीत जास्त २० सोडीन. लोकांना वाटतं डिस्क खराब आहे. तसं नसतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट या गोष्टी चालू विंडोजला हलवता येत नाहीत, आणि त्यातली एखादी मधेच ठाण मांडून बसली असेल तर तिच्या अलीकडे सरकता येत नाही. तिघांनाही तात्पुरतं बंद करायचं, रीस्टार्ट करायचं, श्रिंक करायचं, मग परत चालू. सुटलेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ राहू द्या. हौसेने तिचा ई ड्राइव्ह करून ठेवलात तर लिनक्सचा इन्स्टॉलर तिला मोकळी जागा मानणार नाही. आणि जुन्या एमबीआर डिस्कवर चार ओळी आधीच भरलेल्या असताना नवीन पार्टिशन करायला गेलात, तर विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असं विचारेल. नाही म्हणा. हो म्हटलंत की लिनक्स बसवायचं अवघड होऊन बसतं.

लिनक्सच्या बाजूला मी फार वाटण्या करत नाही. पूर्वी होम (आपल्या फाइली) वेगळं, बूट (सुरू व्हायच्या फाइली) वेगळं, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) वेगळा असं करायचे. मग होम तुडुंब भरायचं आणि शेजारी रूटमध्ये, म्हणजे खुद्द सिस्टिमच्या पार्टिशनमध्ये, ३० जीबी ओस पडलेले असायचे. आता एकच एक्स्ट-फोर, स्वॅपला साधी फाइल. एक मात्र पाळा: पार्टिशन उजव्या कडेने लहान करणं स्वस्त, डाव्या कडेने महाग. डावी कड सरकली की आतला सगळा डेटा पुढे वाहून न्यावा लागतो. त्याला तास लागतात, आणि मधेच वीज गेली तर तो ना इथला ना तिथला.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. दोन्ही सिस्टिम एका वेळी कधीच चालू नसतात. त्यामुळे प्रत्येकीला वाटतं, मशीन आपल्या एकटीचं आहे. आपापल्या पार्टिशनात त्या सुखाने राहतात. कटकटी होतात त्या जे वाटता येत नाही त्यावरून.

घड्याळ घ्या. मदरबोर्डवर एकच घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स जागतिक वेळ आहे असं. मग एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ चुकते, आणि चुकते ती बरोबर तुमच्या प्रदेशाची वेळ जागतिक वेळेपासून जितकी लांब, तितकीच. सेल गेला समजून लोक लॅपटॉप उघडतात. दोघांपैकी एकाची समजूत घातली की पुरे; विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरण्यापेक्षा लिनक्सला एका आज्ञेत सांगणं सोपं.

त्याहून वाईट ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं झोपत नाही. आपल्या मेंदूचा एक भाग डिस्कवर उतरवून ठेवतं आणि पार्टिशनं अर्धवट उघडी सोडतं. लिनक्समधून तुम्ही डी ड्राइव्ह उघडायला गेलात की ते म्हणतं, फक्त वाचा, लिहू देणार नाही. ते शहाणपणाने म्हणत असतं. काही जण इंटरनेटवरची एखादी आज्ञा चिकटवून जबरदस्तीने लिहितात, आणि विंडोज जागं झाल्यावर आपल्या आठवणीतली जुनी मांडणी त्यावर बिनदिक्कत लिहून टाकतं. फाइली अशाही जातात, नुसत्या पार्टिशन करताना नव्हे. फास्ट स्टार्टअप बंद करा. रीस्टार्ट केल्यावर हा घोळ होत नाही, शटडाउन केल्यावर होतो. म्हणून पुष्कळांना तो ‘कधीकधीच’ होतो असं वाटतं.

तिसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय. नव्या लॅपटॉपवर ते बरेचदा न विचारता चालू असतं. बूटच्या क्रमात किंवा सिक्युअर बूटमध्ये (फक्त ओळखीचे बूटलोडर चालू देणारी सोय) काही बदललं की ते दचकतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण ते खातं उघडायला दुसरं मशीन हाताशी लागतं. माझी कागदावर लिहिलेली आहे. हसा खुशाल.

आणि सगळं नीट करूनही कधी बाहेरून दगड येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या, असुरक्षित बूटलोडरांना मज्जाव केला. तो ड्युअल बूट, म्हणजे दोन्ही सिस्टिम, असलेल्या मशीनांना लागू व्हायचा नव्हता, पण अनेकांना झाला, आणि लिनक्स सुरूच होईना. विंडोज तेव्हाही लिनक्सच्या पार्टिशनात शिरलं नव्हतं. दार सामाईक होतं, एवढंच.

म्हणून कोणी मला ‘दोन्ही कसं ठेवू’ असं विचारलं, तर लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवायची जागा आहे का ते मी आधी पाहायला सांगते. असेल तर लिनक्स तिच्यावर, तिचं ईएफआय पार्टिशनही तिच्यावरच, आणि बसवताना शक्य असेल तर विंडोजची डिस्क काढून ठेवायची. नुसतं शिकून पाहायचं असेल तर व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आतच चालणारं लुटुपुटुचं मशीन) पुरतं. तिथे बिघडलं तर एक फाइल पुसायची, झालं. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवणं मी स्वतः करते, पण ज्याला चुकल्यावर सावरायला वेळ नाही त्याला सुचवत नाही.

त्या सकाळचं राहिलं. दुसऱ्या मशीनवर विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह केला, त्यावरून दुरुस्तीच्या पडद्यावर गेले आणि ते ४४६ बाइट पुन्हा विंडोजच्या नावे करणारी आज्ञा दिली. आज्ञा एका ओळीची, तिथवर पोचायला दुपार गेली. आज जीपीटीवर लिनक्स काढायचं असेल तर आधी बूटचा मेनू उघडून विंडोजचा बूट मॅनेजर पहिला करा, दोनदा बंद-चालू करून खरंच तोच येतोय याची खात्री करा, आणि मगच लिनक्सच्या पार्टिशनवर डिलीट दाबा. ईएफआयमधलं लिनक्सचं फोल्डर मागे राहील. ते दोन-चार एमबीचं असतं, राहू दे.