आंबोलीत किड्यांमागे : मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि एक झुडूप

आंबोलीला बहुतेक लोक धबधब्यासाठी जातात, जाणकार बेडकांसाठी. आम्ही दोघं सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेलो ते किड्यांसाठी. तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो, रान मात्र माजलेलं असतं आणि पानापानावर कुणी ना कुणी खात बसलेलं असतं. जुलैत छत्री सांभाळायची की कॅमेरा, हाच प्रश्न पडतो. शनिवार-रविवारही टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते. सावंतवाडीहून आंबोली साधारण ३० किलोमीटर, एसटी मिळते. पण उजाडताच रस्त्यावर असायचं तर मुक्काम गावातच हवा. पहाटेच्या गारव्यात किडे सुस्तावलेले असतात, अंगावर दव असतं, जवळ गेलं तरी हलत नाहीत. ऊन तापलं की चतुर आणि माश्या तुम्हाला दाद देत नाहीत.

पहिल्या सकाळी महादेवगड पॉइंटच्या रस्त्याला लागलो. दरी धुक्यात गडप झालेली, पॉइंटवरून मंडळी हिरमुसून परतत होती. मॅक्रोवाल्याला, म्हणजे बारीक जीव अगदी जवळून मोठे टिपणाऱ्याला, धुक्याचं सोयरसुतक नसतं. १०० मिमीच्या लेन्सला किडा सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढा घ्यायचा, तर तो लेन्सच्या टोकापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो आणि उजेड आपण बरोबरच नेलेला असतो. रस्त्याकडेच्या एका झुडपाच्या कोवळ्या दांड्यावर काट्यांसारखे दिसणारे तुडतुडे होते, प्रत्येकाच्या डोक्यामागे दोन शिंगं. त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या भोवती पहारा देत होत्या. आम्ही तिथंच ठाण मांडलं. एक आजोबा थांबून म्हणाले, "काय हरावलां काय?" त्यांना स्क्रीनवर तुडतुडा दाखवला. "ह्येका शिंगां आसत!" म्हणून ते हसत पुढे गेले.

माझं मत स्पष्ट आहे: इथं चार पॉइंट पालथे घालण्यात अर्थ नाही. एक झुडूप धरा आणि पानांच्या खालच्या बाजू बघत तासभर बसा. झाडं ओळखता आली तर काम निम्मं होतं. रताळ्याच्या कुळातल्या वेलींच्या पानांना गोल भोकं दिसली, की पारदर्शक कडांचा सोनेरी कासव-भुंगेरा जवळपास असण्याची शक्यता बरीच. तो जिवंतपणीच टिपायला हवा, कारण मेल्यावर ती सोनेरी झाक राहत नाही.

आता सेटिंग. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ते २००, लेन्सचं छिद्र एफ ११ (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). किडा मूळ आकाराएवढा घेताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो, म्हणून आधी डोळा धरा, पाय धूसर झाले तरी चालतील. छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करण्याचा मोह आवरा. पट्टा वाढतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं. ऑटोफोकस बंद ठेवा. अंतर एकदा ठरवा आणि स्वतःच हलकेच पुढेमागे झुला, डोळा लख्ख दिसला की बटण दाबा. डाव्या हाताच्या बोटांत दांडा धरून त्याच हातावर लेन्स टेकवली, की वाऱ्यात कॅमेरा आणि किडा एकत्रच हलतात. ट्रायपॉड आम्ही खोलीवरच ठेवला होता.

फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ शक्तीच्या आसपास. कमी शक्तीला फ्लॅशची लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बरीच कमी टिकते, त्यामुळे हाताचा कंप गोठतो. फ्लॅशही पुढच्या फोटोसाठी लवकर तयार होतो. पण खरी मेख डिफ्यूझरमध्ये, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणाऱ्या पडद्यात आहे. महागडी लेन्स लावूनही नुसत्या फ्लॅशखाली भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरे जळके ठिपके येतात. टीव्हीच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा फोम किंवा बटर पेपर पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणा आणि लेन्सच्या टोकावर पुढे झुकेल असा बसवा. पडदा किड्याच्या जितका जवळ आणि त्याच्या तुलनेत जितका मोठा, तितका उजेड मऊ. पैसे वाचवायचे असतील तर लेन्सवर वाचवा. साध्या टेलिफोटोवर (दूरचं टिपणाऱ्या लेन्सवर) रेनॉक्स २५० ही पुढे अडकवायची क्लोज-अप भिंग लावूनही उत्तम काम होतं. पार्श्वभूमी काळीठिक्कर येत असेल तर मागे एक पान येईल असा कोन घ्या, नाहीतर आयएसओ ४००-८०० करून शटर थोडं मंद करा.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाला धावती भेट दिली. उगमाच्या कुंडात सापडलेल्या माशामुळे ही जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात उतरू नका, काठावरच्या टाचण्या (चतुरांसारखे, पण नाजूक किडे) काठावरूनच टिपा.

रात्री किडे दिवसापेक्षा जास्त भेटतात, पण एकट्यानं जाऊ नका. स्थानिक वाटाड्या घ्या, राखीव वनात परवानगीशिवाय शिरू नका. गावातल्या रस्त्याकडेची झुडपंही पुरेशी आहेत. आणि फांदीला हात लावण्याआधी तिच्यावर टॉर्च फिरवा. मलबारी चापडा हा साप इथं सर्रास असतो. तो विषारी आहे, हलत नाही आणि पानांत बेमालूम मिसळतो. किडा दिसल्याच्या आनंदात माणसाचं नेमकं याकडेच दुर्लक्ष होतं. 'स्थिर राहावा' म्हणून किडे फ्रिजमध्ये ठेवणारेही असतात, त्यांच्या सल्ल्याकडे कानाडोळा करा.

उतरताना घाटाच्या पायथ्याशी दाणोलीच्या बाजूला आंब्यावर हुमल्यांची (पानं शिवणाऱ्या लाल मुंग्यांची) घरटी बघा, अळ्यांच्या रेशमानं शिवलेली पानं. पँट मोज्यात खोचूनच जवळ जा, चावे जबर असतात.

गाडीत एसी लावला असेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवा, बाहेर येताच लेन्सवर वाफ धरते. घरी आल्यावर पिशवी रिकामी करून सगळं पंख्याखाली सुकवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. कोकणातली दमट हवा लेन्सच्या काचेत बुरशी धरवते आणि ती साफ करायचा खर्च सहलीपेक्षा जास्त होतो.